उंच पडलेली खाच

माणिकराव कंपाउंडर. माझं शिक्षण कोणामुळं झालं असं कोणी विचारलं की मी आधी हे नाव सांगतो, मग बाबांचं. बाबांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते स्वतःही लोकांना हेच सांगत आले.

काकाजी, काल तुमची तेरवी झाली. पुलगावच्या तुमच्या दोन खोल्यांपुढं लहानसा मांडव घातला होता. तुमच्या हातचं लाल मिक्स्चर प्यालेली कितीतरी माणसं पंगतीला होती. मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो, आणि पानावर बसलेले दोघंजण खालच्या आवाजात बोलत होते.

"माणूस सोन्यासारखा गा. पण पिण्यानं गेला."

"जिल्ह्यात बंदी आहे म्हन्तेत. पिणाऱ्याले काय, पूल ओलांडला की झालं."

मी त्यांच्या पानात वरण वाढलं आणि पुढं सरकलो. मला तिथं थांबून म्हणता आलं असतं की हा माणूस सात वर्षं रोज थोडीथोडी कमी करत होता, आणि ते मी बंद पाडलं. म्हटलं नाही. असं ऐन वेळी गप्प राहणं मला जमतं, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. म्हणून आज देवळीला परत आल्यावर शाळेतून सुटी घेतली आणि लिहायला बसलो.

आपलं रक्ताचं नातं काही नव्हतं. तुम्ही आणि बाबांनी रोहण्यात लहानपणी मिळून ढोरं राखली, एवढंच. तुम्ही सातवी शिकून पुलगावला गेलात, दवाखान्यात चिकटलात. बाबा सालदार राहिले, मालकाच्या वावरात वर्षाच्या बोलीनं राबत. मी मॅट्रिक झालो तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी लग्नाला रोहण्याला आला होता. माझी गुणपत्रिका तुम्ही उन्हात उभं राहून दोनदा वाचली आणि बाबांना म्हणालात, "पोरगं मले देऊन टाक चार-पाच वर्सं. वापस करीन तं साहेब करूनच करीन."

बाबा म्हणाले, "माणिक, त्याले खायले लय लागते."

"मंग तं बरंच झालं. काकू भाकरी थापते अन् खाणारं कोणी नाई. पोरगी सासरी गेली तवापासून घरात भाकरी शिळ्याच होऊन राह्यल्या."

पत्र्याची पेटी घेऊन मी छोट्या गाडीनं पुलगावला उतरलो तेव्हा तुम्ही स्टेशनवर होता. पेटी तुम्ही उचलली. मी उचलू लागलो तर म्हणालात, "तुले पुस्तकं उचलाची आहेत. हे राहू दे." गिरणीमागच्या त्या गल्लीत तुमच्या मुलीचा कोपरा मला मिळाला. तिथून रोज सकाळच्या पॅसेंजरनं वर्ध्याला कॉलेजात जायचं आणि दुपारच्या गाडीनं परत. प्रयोगशाळेत एप्रन लागतो असं मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तुम्ही दवाखान्यातला तुमचा जुना एप्रन आणला, काकूंनी तो बाह्यांत आणि खांद्यांत आखूड केला. वर्गातल्या मुलांच्या एप्रनांना नव्या कापडाचा वास यायचा, माझ्या एप्रनला औषधांचा. मी बी.एस्सी. झालो तो त्याच एप्रनमध्ये.

संध्याकाळी मी दवाखान्यात तुमच्या मदतीला येऊन बसायचो. तुमची ती खिडकी, मागं फळीवर ओळीनं बाटल्या. डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी आली की तुम्ही मिक्स्चर भरायचे आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचे. कागदाची घडी घालायची, कात्रीनं दोन काप मारायचे, घडी उलगडली की कडेला सारख्या अंतरावर खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. गव्हाच्या पिठाची खळ करून काकू रोज एका डब्यात द्यायच्या, तिनं पट्टी बाटलीला बसायची. तुम्ही ती पट्टी न बघता कापायचे. आणि प्रत्येकाला एकच वाक्य, "हलवून घेजा." इतकी सवय लागली होती की मी पहिल्या परीक्षेला निघालो तेव्हाही तुम्ही दारातून म्हणालात, "डोस्कं हलवून घेजो गा." काकू हसल्या. मी भीतीनं पांढरा पडलो होतो, तोही हसलो.

घरातली बाटली मला कशी सापडली ते तुम्ही पुढं किती जणांना सांगितलं. पहिल्याच हिवाळ्यात मला खोकला धरला. पिठाच्या डब्यामागं पट्टी लावलेली बाटली दिसली. वाटलं, काकूंचं खोकल्याचं औषध असावं. मी चांगला शिकलेला मुलगा, पट्टी पाहून बरोबर एक खाच ओतली आणि पिऊन टाकली. घशापासून पोटापर्यंत जाळ गेला. तुम्ही घरात आलात तेव्हा मी मोरीजवळ उकिडवा बसून खोकत होतो आणि काकू पाठीवर थापट्या मारत होत्या. तुम्ही बाटली पाहिली, मला पाहिलं आणि भिंतीला टेकून इतके हसलात की डोळ्यांतून पाणी आलं.

मग हसणं थांबलं. तुम्ही माझ्याजवळ खाली बसलात.

"हे माह्यं औषध आहे," तुम्ही म्हणालात. "बिमारीही माही अन् औषधही माह्यंच."

त्या दिवशी तुम्ही मला सगळं सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. तरुणपणापासूनची सवय होती. दिवसाला किती जायची याची गणतीच नव्हती. मग एकदा एका म्हातारीच्या बाटलीला पट्टी लावताना तुमच्या मनात आलं की आपणही आपला डोस बांधून घ्यावा. बाटलीत वरच्या खाचेपर्यंतच भरायची आणि तेवढीच दिवसभर पुरवायची. तेव्हा पट्टी आठ खाचांची होती. दर पुनवेला नवी पट्टी लावायची, जमलं तर एक खाच कमी करून. जिल्ह्यात बंदी आल्यावर माल पलीकडून, वर्धा नदीच्या त्या तीरावरून यायचा, तिथं अमरावती जिल्हा लागतो आणि बंदी नाही. कोण आणायचं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

"एकदम बंद काऊन नाही करत?" मी विचारलं.

"एकदम केलं तं शरीर बिथरते. पाह्यलं आहे म्या दवाखान्यात." मग तुम्ही कात्री माझ्या हातात दिली. "आता पट्टी तू कापत जाय. मी लोकायच्या पट्ट्या डोळे मिटून सारख्या कापतो, पण माही कापाले बसलो का वरची खाच उंच पडते. हात बेइमान होते गा."

तेव्हापासून तुमची पट्टी मी कापू लागलो. पुनवेच्या दिवशी दवाखाना सुटल्यावर तुम्ही खाटेवर बसायचे, मी खाली. तुम्ही आकडा सांगायचा, मी पट्टी कापायची, काकू खळ आणून द्यायच्या. कोणी पाहिलं असतं तर घरात काहीतरी पूजा चालली आहे असं वाटलं असतं. आकडा सांगताना तुमचा आवाज बारीक व्हायचा. आठाचे सात व्हायला चार पुनवा गेल्या. सातावरून सहा लवकर झाले. तुमचा भाऊ वारला तेव्हा तुम्ही म्हणालात, "एक वाढव." मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर कधी डोस वाढवत नाई का?" मी वाढवली. पुढच्या पुनवेला तुम्ही स्वतःच म्हणालात, "उतरव." असं चढत-उतरत माझं कॉलेज पुरं होईपर्यंत आपण चारवर आलो. ‘आपण’ असं म्हणतो आहे, कारण मला तसंच वाटायचं. माझे पेपर आणि तुमची पट्टी ही त्या घरातली दोन कामं होती, आणि दोन्ही आपली होती.

माझा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही खिडकीतून प्रत्येक रोग्याच्या हातावर बाटलीबरोबर एक पेढा ठेवत होता. एक बाई म्हणाली, "माणिकराव, हा पेढा जेवणाआधी का जेवल्यावर?" तुम्ही म्हणालात, "आत्ताच. हलवू नका." त्या दिवसापासून माझं नावच बी.एस्सी. झालं. "काय बी.एस्सी., काय म्हन्ते तुमची केमिस्ट्री?" त्या आनंदात तुम्ही जास्त घ्याल असं मला वाटलं होतं. बाटली पाहिली तर वरून दोनच खाचा खाली होती. तुम्ही माझी नजर पकडली आणि माझ्या हातावरही एक पेढा ठेवला.

मग बी.एड. झालं, देवळीच्या शाळेत विज्ञान शिक्षकाची नोकरी लागली. इथून माझं चुकायला लागलं, काकाजी, आणि ते मला बरोबर वाटत होतं. शाळेत मी व्यसनावर भाषणं देत असे. दारूचा यकृतावर काय परिणाम होतो ते फळ्यावर काढून दाखवत असे. गावातली माणसं मला गुरुजी म्हणायची, मान द्यायची. आमच्या घराण्यात असा मान कोणाला मिळाला नव्हता. आणि दर पुनवेला मी बसनं पुलगावला जाऊन दारूच्या बाटलीची पट्टी कापून येत होतो. तेव्हा आपण तीनवर होतो. मला मात्र ते तीन दिसायचे, आधीचे पाच गेलेले दिसायचे नाहीत.

माझं लग्न ठरलं. मालतीच्या माहेरी भजनाचं वातावरण, सुपारीचंही खांड कोणी तोंडात टाकत नाही. लग्नाच्या बारा दिवस आधी मी तुमच्याकडं आलो. पुनव नव्हती. तुम्ही म्हणालात, "आज कसा काय? केमिस्ट्री वाट चुकली काय?"

मी म्हटलं, "काकाजी, आता ही बाटली बंद करा."

"तीन राह्यले ना गा. दिवाळीपावतर दोन. मंग एक. मंग मोकळी बाटली ठेवू शोभेले."

"सात वर्षं मी हेच ऐकतो आहे. तुम्ही कमी करत नाही. तुम्ही चालू ठेवायची सोय करून घेतली आहे."

हे वाक्य मी वाटेत बसमध्ये तयार केलं होतं. ते लागलं.  तुम्ही म्हणालात, "सरकारनं जिल्ह्याची एकदम बंद केली. काय झालं? पुलाच्या पलीकडं गर्दी झाली. माणसाचं बी तसंच आहे बाप्पा. इकडून दाबलं का तिकडून निघते. हळूहळू आटवा लागते."

"हा सगळा बहाणा आहे," मी म्हटलं. "मला लाज वाटते."

काकू चुलीपाशी होत्या. त्यांचा हात थांबला. तुम्ही उठलात, डब्यामागून बाटली काढली आणि माझ्या पुढं धरली. "घे. तुह्याच हातची पट्टी आहे." मी ती मोरीत ओतली. तेवढ्यावर थांबलो नाही. तुमचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, माझी शपथ घ्या. आपल्याकडं ही शपथ कोणी हलक्यात घेत नाही, तुम्ही तर नाहीच. तुमचा हात माझ्या केसांवर थोडा वेळ राहिला.  "बरं," तुम्ही म्हणालात. "घेतली." परत जाताना बसमध्ये मला फार हलकं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या खिडकीत तुमच्या हातातला मापाचा ग्लास पडला. मग तुम्ही पडलात, बाटल्यांची एक फळी सोबत घेऊन. झटके येत होते. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तुम्ही काकूंना सांगत होता की भिंतीवरून मुंगळे चालले आहेत, झाडून टाक. भिंत स्वच्छ होती. मी निरोप मिळताच पोहोचलो तर तुमचे हात कापडाच्या पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. दोन दिवसांनी तुम्ही शुद्धीवर आलात. तिथला तरुण डॉक्टर कागद वाचत आला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "इतक्या वर्षांची सवय, यांना एकदम बंद करायला सांगितलं कोणी? असं करतात का? डॉक्टरांच्या देखरेखीत बेताबेतानं सोडवायची असते. जीव गेला असता."

खाटेच्या एका बाजूला काकू होत्या, दुसऱ्या बाजूला मी. काकूंनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी बी.एस्सी., बी.एड., यकृताची आकृती काढणारा गुरुजी, खाली फरशीकडं बघत राहिलो.

तुम्ही कोरड्या तोंडानं म्हणालात, "कोणी नाई साहेब. माह्या मनानंच केली."

डॉक्टर म्हणाला, "कंपाउंडर ना तुम्ही? तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं."

"चुकलं," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर आपण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. तुम्ही बोलला नाहीत ते माझ्यासाठी, आणि मी बोललो नाही तेही माझ्यासाठीच.

तुम्ही माझ्या लग्नाला आला नाहीत. काकूंनी निरोप पाठवला, ताप आहे. मांडवात कोणी विचारलं तर मीही तसंच सांगितलं. काकाजी, खरं सांगायचं तर मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं होतं. ज्यांच्या एप्रनमध्ये मी शिकलो ते माझ्या लग्नात नाहीत याचं मला बरं वाटलं. 

दवाखान्यातून घरी आल्यावर चार महिने तुम्ही थेंबही घेतला नाही. हेही लिहायला पाहिजे. त्या चार महिन्यांत मला वाटायचं, बघा, झालं ना. पण झटके येऊन पडलेल्या माणसाच्या हातात औषधांची मापं कशी द्यायची, असा प्रश्न डॉक्टरसाहेबांना पडला. माणूस चांगला. त्यांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, "माणिकराव, थोडे दिवस आराम करा." थोडे दिवस संपलेच नाहीत. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की तुम्ही आंघोळ करून, टोपी घालून तयार व्हायचे आणि खाटेवर बसून राहायचे. एकदा मला म्हणालात, "हाताले काही काम नाई, बी.एस्सी. बोटं नुसती कात्री चालवून राह्यली." मी म्हटलं, वाचन करा. पाचव्या महिन्यात एका दुपारी तुम्ही पुलावरून पायी पलीकडं गेलात. मग रोज. तिथं बाटलीही तुमची नव्हती आणि पट्टीही नव्हती.

म्हणजे एकदम सोडणं तुम्हाला जमलंच नसतं असं म्हणता येत नाही. चार महिने जमलं होतं. आणि हळूहळू करून तुम्ही शेवटच्या खाचेपर्यंत पोहोचलाच असता, असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आपला वाद अजून तिथंच आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, तीनवर होतो ना गा, हिशेब कर. मी म्हटलं असतं, आठाचे तीन व्हायला सात वर्षं, हाच तो हिशेब.

मागच्या साली काकूंचं कार्ड आलं म्हणून मी आलो होतो. भर दुपार होती. तुम्ही खाटेवर होता, पाय सुजलेले, डोळे पिवळे. बाटली उघडी समोर होती. मला पाहून तुम्ही लपवली नाहीत.

"बी.एस्सी., बरा आलास. पट्टी कापून देतो काय? पाचची दे. पाचपासून पुन्हा लागतो."

कात्री तिथंच कोनाड्यात होती. मी म्हटलं, "मी आता त्यात हात घालणार नाही. तुम्ही शपथ घेतली होती."

तुम्ही माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसलात. "शपथ तुह्या डोक्याची होती. डोकं तं जागेवर दिसते. मंग झालं."

मी काकूंचा चहा न घेता निघालो. काकू गल्लीच्या तोंडापर्यंत मागं आल्या. "रामदास, त्यायचं मनावर घेऊ नको. येत जाजो," एवढंच म्हणाल्या. मी वर्षभर गेलो नाही. आपलं शेवटचं बोलणं ते.

हे सगळं मी मालतीला लग्नानंतर तीन वर्षांनी, याच उन्हाळ्यात सांगितलं. ती गहू निवडत होती. ऐकून घेतलं. व्यसन वाईट, तुम्ही बरोबर केलं, असं ती म्हणेल अशी माझी खात्री होती. ती म्हणाली, "पट्टीच मागतली ना त्यायनं? कागदच तं होता. द्यायचा होता कापून." आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. पाकिटातून पाठवलं, कारण सोबत पट्टी घालायची होती.

पत्र टाकल्याला अठरा दिवस झाले आणि तुम्ही गेल्याची तार आली. पोटात पाणी झालं होतं, ते केव्हापासूनच होतं. पत्रानं काही फरक पडण्याची वेळ निघून गेली होती, हे मला समजतं. पण तुमच्या हातात ते पडलं की नाही, एवढं तरी कळावं म्हणून मी तिसऱ्या दिवशी, सगळे पांगल्यावर, काकूंना विचारलं. काकू आत गेल्या आणि पिठाच्या डब्यामागून बाटली घेऊन आल्या. माझी पट्टी तिला लावलेली होती. पाच खाचांची.

"पत्र आलं, अन् दोन दिवस खिशातून काढून काढून वाचत राह्यले," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी म्हन्लं, खळ कर. म्या म्हटलं, आता कायले? तं म्हन्लं, बी.एस्सी.ची पट्टी आली. मंग सेवेले आलेल्या पोरीले म्हन्लं, आता मी पूल ओलांडत नाई, इथंच आणून ठेवत जाय. खाचेच्या वर नाई गेले रे. रोज मले दाखवे, हे पाह्य, बराबर आहे ना? शेवटच्या दिवसाची तं उरली."

मी पाहिलं. बाटलीत दोन खाचा शिल्लक होत्या.

मग काकूंनी माझं पत्र दिलं. तुमच्या सदऱ्याच्या खिशात होतं म्हणाल्या, घडीवर फाटत आलं होतं. पाकिटात आणखी एक पट्टी होती. माझी नाही. तुम्ही पुढच्या पुनवेसाठी कापून ठेवलेली, चार खाचांची.  मी ती आता टेबलावर, माझ्या पत्राशेजारी ठेवली आहे. खालच्या तिन्ही खाचा सारख्या आहेत. वरची थोडी उंच पडली आहे.

पत्र असं होतं.

देवळी

तीर्थस्वरूप काकाजी यांस,
रामदासचा शिरसाष्टांग नमस्कार.

पुष्कळ महिन्यांनी लिहीत आहे. आधी कितीदा लिहायला बसलो आणि फाडून टाकलं. आज पुरं करणार आहे.

दवाखान्यात त्या डॉक्टरनं विचारलं होतं, एकदम बंद करायला कोणी सांगितलं. तुम्ही म्हणालात, माझ्या मनानं केली. मी तिथंच उभा होतो. मी सांगितलं होतं, काकाजी. मी बाटली ओतली, मी शपथ घ्यायला लावली. माझ्या लग्नात माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी ते केलं. तुमच्या तब्येतीसाठी केलं असं मी स्वतःला सांगत आलो, ते खोटं आहे. त्या डॉक्टरसमोर बोलायला हवं होतं ते आज तुम्हाला लिहितो. तुमची नोकरी माझ्यामुळं गेली. तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

मागच्या साली तुम्ही पट्टी मागितली आणि मी नाही म्हटलं. तेही चुकलं. माझ्या डोक्याची शपथ मी परत घेत आहे. तुम्ही तिच्यातून मोकळे.

सोबत पाच खाचांची पट्टी पाठवत आहे. तुम्ही सांगितलेला आकडा तोच ठेवला आहे. पण या वेळी आपण दोघं आधी मोठ्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखवू आणि ते सांगतील तसं करू. ते विचारतील तेव्हा मी बोलेन. कधी एक वाढवावी लागली तर वाढवू. मला त्याची लाज वाटणार नाही.

मालती तुम्हाला भेटायचं म्हणते. तिला मी एप्रनची गोष्ट सांगितली आहे. काकूंना नमस्कार.

आपला,
रामदास

ता. क. पुनवेला येतो. चारची पट्टी मी आल्यावर कापू. तुम्ही कापून ठेवू नका, तुमच्या हातची वरची खाच उंच पडते.